‘फक्त २ शिल्लक!’ खरंच? ऑनलाइन दुकानाच्या स्क्रीनवर झळकणाऱ्या सूचनांची जबाबदारी कुणाची?

पश्चिम रेल्वेवर दहिसरच्या पुढचं स्टेशन मीरा रोड. लोकलने काही मिनिटांचं अंतर. पण पिनकोड पाहिला तर दहिसर ४०००६८ आणि मीरा रोड ४०११०७. ठाणे शहराचे पिनकोड ४०० ने सुरू होतात, वाशीचेही ४०० ने. मीरा-भाईंदरचे मात्र ४०१ ने.

वरवर पाहता ही पोस्टाची बाब. पण समजा, मुंबईतल्या एखाद्या छोट्या ऑनलाइन दुकानाने ‘मुंबई आणि परिसर’ म्हणून सेटिंगमध्ये ‘४०० ने सुरू होणारे सगळे पिनकोड’ असं भरलं. मग सामान ठाण्याला जातं, वाशीला जातं, पण दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे मीरा रोड पूर्वेला, सिल्व्हर पार्कमध्ये जात नाही.

हे दुकान ‘वू-कॉमर्स’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरवर बनवलेलं असेल, तर सिल्व्हर पार्कमधल्या ग्राहकाला स्क्रीनवर एक ठरलेली सूचना इंग्रजीत दिसते. तिचा मराठीत अर्थ असा: डिलिव्हरीचा कोणताही पर्याय उपलब्ध नाही, पत्ता बरोबर भरलाय ना ते पाहा किंवा मदत हवी असेल तर संपर्क करा.

पत्ता बरोबरच असतो. चूक दुकानाच्या सेटिंगमध्ये असते. पण त्या दोन ओळी वाचून ग्राहक आपलाच पत्ता तीनदा तपासतो आणि शेवटी दुकान बंद करून निघून जातो. ग्राहक का गेला, हे दुकानदाराला कळतही नाही.

ऑनलाइन दुकानात काउंटरमागे माणूस नसतो. ‘सामान कार्टमध्ये टाकलं’, ‘कूपन चालणार नाही’, ‘पेमेंट झालं नाही’, ‘फक्त २ शिल्लक’ अशा छोट्या पट्ट्याच तिथे बोलतात. म्हणजे ती सूचना हा दुकानदाराचा शब्द असतो. गेल्या पाच-सहा वर्षांत भारतातला कायदाही हळूहळू याच निष्कर्षाला आला आहे. गंमत अशी, की बहुतेक छोट्या दुकानदारांनी हा आपला ‘शब्द’ कधी वाचलेलाच नसतो. तो थीमसोबत तयार आलेला असतो.

या सूचना येतात कुठून?

मीरा-भाईंदरसारख्या शहरात घरातून चालणारे व्यवसाय भरपूर असतात: मसाले, फराळ, साड्या, नकली दागिने, केक. सुरुवात इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून होते. ऑर्डर वाढल्या की स्वतःची वेबसाइट लागते. तेव्हा कुणी पहिल्यापासून कोड लिहीत बसत नाही. शॉपिफाय किंवा वर्डप्रेस-वू-कॉमर्स घ्यायचं, त्यावर एक तयार ‘थीम’ चढवायची, फोटो आणि किमती भरायच्या की दुकान तयार.

थीम म्हणजे दुकानाचं फर्निचर आणि रंगकाम. कुठलं बटण कुठे असेल, अक्षर किती मोठं असेल, सूचना वर दिसेल की खाली, हे सगळं थीम ठरवते.

पण सूचना एकाच ठिकाणाहून येत नाहीत. त्यांचे तीन थर असतात.

पहिला थर मूळ सॉफ्टवेअरचा. वू-कॉमर्समध्ये सूचनांचे तीन प्रकार ठरलेले आहेत: काम झालं, चूक झाली आणि नुसती माहिती. त्यांचा मजकूर तयार असतो. थीम फक्त त्याचं रूप बदलते.

दुसरा थर थीमचा. ‘५०० रुपयांवर डिलिव्हरी मोफत’ असं सांगणारी सगळ्यात वरची पट्टी बहुतेक थीममध्ये असते. दुकानदार ती स्वतः भरतो.

तिसरा थर बाहेरून जोडलेल्या अ‍ॅप आणि प्लगइनचा. उलटी मोजणी करणारं घड्याळ, ‘आत्ता १७ जण हे बघत आहेत’, ‘पुण्याच्या कुणीतरी ३ मिनिटांपूर्वी हे खरेदी केलं’ असे कोपऱ्यातून उगवणारे चौकोन बहुधा इथून येतात.

ग्राहकाला हे थर दिसत नाहीत. त्याच्यासाठी सगळं दुकानच बोलत असतं.

निरोप आला, पण उशिरा

पहिला प्रश्न सूचना खरी की खोटी हा नाहीच. ती दिसते का, हा आहे.

वू-कॉमर्समध्ये सूचना तयार झाली की ती ग्राहकाच्या चालू भेटीच्या नोंदीत, म्हणजे ‘सेशन’मध्ये साठवली जाते. पान उघडताना थीमने ती तिथून उचलून दाखवायची आणि मग पुसून टाकायची, अशी पद्धत आहे. पण अनेकदा पान सुंदर करण्याच्या नादात थीममधून किंवा पेज-बिल्डरमधून सूचना दाखवण्याची जागाच काढून टाकली जाते.

मग काय होतं? ‘कार्टमध्ये टाका’ बटण दाबलं तरी काहीच दिसत नाही. ग्राहकाला वाटतं बटण चाललं नाही. तो पुन्हा दाबतो. आणखी एकदा दाबतो. सूचना मात्र पुसल्या गेलेल्या नसतात, त्या साठून राहतात. चेकआउटच्या पानावर जागा सापडली की एकदम तीन हिरव्या पट्ट्या येतात आणि कार्टमध्ये एकाऐवजी तीन डबे दिसतात.

मोबाइलवर आणखी एक गोष्ट घडते. सूचना पानाच्या अगदी वर उमटते आणि ग्राहक खाली, फॉर्मच्या शेवटी असतो. ‘फोन नंबर चुकीचा आहे’ असं वर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, खाली फक्त बटण अडून बसलेलं दिसतं. किंवा डोक्यावर चिकटून राहणारा मेन्यू नेमका त्या सूचनेवरच बसतो.

यात कुणाचीही लबाडी नाही. पण परिणाम लबाडीपेक्षा कमी त्रासाचा नाही, विशेषतः जिथे पैशांचा प्रश्न येतो तिथे.

पैसे कापले गेले, ऑर्डर दिसत नाही

ऑनलाइन खरेदीतली सगळ्यात धडकी भरवणारी सूचना म्हणजे ‘पेमेंट अयशस्वी’. त्याच वेळी बँकेचा मेसेज येतो की खात्यातून ७४० रुपये वजा झाले. आता पुन्हा पैसे भरायचे की थांबायचं?

याचं उत्तर रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात देऊन ठेवलं आहे. यूपीआयने दुकानदाराला केलेलं पेमेंट अडकलं, म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण व्यवहार पूर्ण झाल्याची पोच दुकानाकडे आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापेक्षा उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ती मिळवण्यासाठी ग्राहकाने तक्रार करण्याचीही वाट पाहायची नसते.

हा नियम स्क्रीनवरच्या सूचनेत किती दुकानं सांगतात? बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरची तयार ओळच दिसते: काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. घाबरलेल्या ग्राहकाला ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पैसे भरायला सांगणं.

त्याऐवजी एवढं लिहिता येतं: ‘पेमेंट पूर्ण झालं नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर ते ५ दिवसांत आपोआप परत येतील. लगेच पुन्हा भरू नका, आधी बँकेचा मेसेज पाहा. अडचण असल्यास या नंबरवर कळवा.’ यासाठी प्रोग्रामर लागत नाही. शॉपिफायमध्ये थीमचा तयार मजकूर बदलण्याची सोय आहे. वर्डप्रेसमध्ये भाषांतराच्या फाइलमधून किंवा प्लगइनने तो बदलता येतो. ज्या पेमेंट कंपनीच्या पानावर हा मजकूर बदलता येत नाही, तिथे निदान आपल्या दुकानाच्या पानावर तो लावता येतो.

‘आत्ता १७ जण हे बघत आहेत’

आता खरेपणाचा प्रश्न.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाला नको ते करायला लावणारी किंवा त्याची निवड वळवणारी स्क्रीनची रचना. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. त्यातला सगळ्यात पहिला प्रकार आहे खोटी घाई.

माल आहे त्यापेक्षा कमी शिल्लक असल्याचं दाखवणं किंवा वस्तूला नसलेली मागणी असल्याचा भास निर्माण करणं, ही या प्रकाराची मुख्य लक्षणं. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दिलेलं उदाहरणही ओळखीचंच आहे: फक्त दोन खोल्या उरल्यात, तीस जण आत्ता बघतायत.

स्क्रीनवरच्या सूचनांना लागू होणारे आणखी काही प्रकार असे:

• नकार देणाऱ्याला लाजवणं. विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाचं बटण दाबायला लावणं.

• पिच्छा पुरवणं. अ‍ॅप डाउनलोड करा, नोटिफिकेशन सुरू करा, असं पुन्हा पुन्हा विचारणं आणि ‘नाही’ म्हणायची सोयच न ठेवणं.

• रचनेत गोंधळ करणं. पॉप-अपच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवलं की तो बंद होण्याऐवजी दुसरी जाहिरात उघडणं.

• गुपचूप कार्ट भरणं. ग्राहकाने न निवडलेली वस्तू किंवा देणगी शेवटच्या क्षणी बिलात टाकणं.

• किमतीचे हप्ते. सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर इतर शुल्क जोडत जाणं.

छोट्या दुकानांच्या बाबतीत अडचण अशी, की खोट्या घाईचं सामान बाजारात तयार मिळतं. काही प्लगइनमध्ये ‘किती जण बघतायत’ हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. दुकानदाराने ‘१० ते २५ च्या मधला कुठलाही’ असं भरायचं, बाकी काम यंत्र करतं. उलट्या मोजणीचं घड्याळ शून्यावर पोचलं की पान पुन्हा उघडताच नव्याने १५ मिनिटांपासून सुरू होतं. हे ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की कळतं.

मग घाई करा म्हणणं गुन्हा आहे का?

नाही. घाई खरी असेल तर ती सांगणं ग्राहकाच्या सोयीचंच असतं.

दिवाळीचा फराळ घरी बनवणाऱ्या बाईंची चकलीची क्षमता मर्यादित असते. ‘वसुबारसेच्या आठ दिवस आधी ऑर्डर घेणं बंद’ ही पट्टी खरी आहे आणि उपयोगाची आहे. ‘या रंगात दोनच साड्या उरल्या’ हे कपाटात खरंच दोन साड्या असतील तर खोटं नाही. वू-कॉमर्समध्ये शिल्लक मालाची नोंद ठेवली, की ठरावीक आकड्याखाली साठा गेल्यावर ही सूचना आपोआप दाखवता येते. फरक एवढाच, की आकडा साठ्याच्या नोंदीतून यायला हवा, सेटिंगमधल्या कल्पनेतून नाही.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही प्राधिकरणाने हाच मुद्दा धरला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडो या कंपनीला १० लाख रुपयांचा दंड झाला. ‘५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये’ असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं. प्रत्यक्षात ५० रुपये रोख नव्हते, तर अ‍ॅपमधली ‘नाणी’ होती, तीही ७ दिवस चालणारी. अटी इतक्या बारीक अक्षरात होत्या की वाचता येऊ नयेत. ते प्रकरण जाहिरातीचं होतं, दुकानाच्या थीमचं नाही. पण धडा तोच आहे: मोठ्या अक्षरातला शब्द पाळावा लागतो, बारीक अक्षर त्याला वाचवत नाही.

थीम दुसऱ्याची, जबाबदारी कुणाची?

‘हे आमच्या थीममध्ये आधीपासूनच होतं’ असं दुकानदार म्हणाला तर?

मार्गदर्शक तत्त्वं भारतात वस्तू किंवा सेवा पद्धतशीरपणे विकणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना लागू आहेत. दुकान किती मोठं, याची अट त्यात नाही. दुकान ज्याच्या नावावर, विक्री ज्याची, त्याचंच बोलणं ग्राहकापर्यंत पोचतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

घरगुती विक्रेत्याला वाटतं, आपण कुठले एवढे मोठे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांतून सूट आहे ती अशा व्यक्तीला, जी नियमित धंदा म्हणून नाही तर खासगी पातळीवर एखादी गोष्ट विकते. जुना सोफा एकदा विकणारा त्यात बसतो. दर आठवड्याला ऑर्डर घेणारी वेबसाइट बसत नाही.

हेच नियम वेबसाइटवर काय दिसलं पाहिजे तेही सांगतात: दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद, नंबर. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निपटारा एका महिन्यात व्हायला हवा. ग्राहकाची संमती त्याने स्वतः दिलेली असली पाहिजे, आधीच टिक केलेला चौकोन चालत नाही. ‘ऑफर्स पाठवायला माझी हरकत नाही’ यासमोर थीमने स्वतःच बरोबरची खूण करून ठेवली असेल, तर ती काढणं दुकानदाराचं काम आहे.

मोबाइलवर येणाऱ्या एसएमएसच्या बाबतीत भारत एक पाऊल पुढे गेला आहे. ‘ट्राय’च्या नियमांमुळे मे २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. मेसेज न उघडताच कळतं. दुकानाच्या स्क्रीनवर असं काही नाही. ‘तुमची ऑर्डर अडकली आहे’ ही पट्टी आणि ‘आज शेवटचा दिवस’ ही पट्टी एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या असू शकतात. वेगळेपणा दाखवणं दुकानदाराच्या हातात उरतं.

पाटी मराठीत, सूचना कुठल्या भाषेत?

मीरा-भाईंदरमध्ये दुकान आणि भाषा हे दोन शब्द एकत्र आले की जुलै २०२५ आठवतो. मराठी न बोलल्यावरून मीरा रोडला एका दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. त्याविरोधात ३ जुलैला व्यापाऱ्यांनी बंद पाळून मोर्चा काढला आणि ८ जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला.

ती मारहाण आणि ते मोर्चे रस्त्यावरच्या दुकानाभोवती घडले. रस्त्यावरच्या दुकानासाठी कायदाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे. मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

पण ऑनलाइन दुकानाला पाटीच नसते. सिल्व्हर पार्कमधल्या एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरचं दुकान बाहेर मराठी पाटी लावतं आणि त्याच दुकानाची वेबसाइट ग्राहकाशी पूर्ण इंग्रजीत बोलते. हे भाषेच्या आकसामुळे होत नाही. थीम इंग्रजीत आली, तशीच राहिली, एवढंच.

मोठ्या कंपन्यांवर याचा दबाव आधी आला. २०२० मध्ये मनसेने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टकडे मराठीची मागणी लावून धरली. डिसेंबर २०२० मध्ये पुणे आणि मुंबईत अ‍ॅमेझॉनच्या कार्यालयांची तोडफोडही झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन मराठीत आलं. फ्लिपकार्टनेही मराठीची सोय केली. लहान दुकानांना मात्र कुणी विचारलं नाही.

त्यांच्यासाठी तांत्रिक अडचण वेगळी आहे. वर्डप्रेस मराठीत वापरता येतं. पण थीम बनवणाऱ्याने सूचनेचे शब्द भाषांतरासाठी खुले न ठेवता थेट कोडमध्ये लिहून टाकले असतील, तर भाषा मराठी निवडली तरी ते शब्द इंग्रजीतच राहतात. मग वर ‘तुमची पिशवी’ आणि खाली इंग्रजी सूचना अशी अर्धीमुर्धी स्क्रीन तयार होते. थीम विकत घेण्याआधी ती ‘भाषांतरासाठी तयार’ आहे का, हा प्रश्न रंग आणि फॉन्टच्या आधी विचारायला हवा.

आणि एका सूचनेच्या बाबतीत भाषा हा लवकरच सौजन्याचा विषय राहणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की ग्राहकाची माहिती घेताना संमतीसाठी जी नोटीस दाखवायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला मिळाला पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे: ज्या सूचनेवर ग्राहकाने ‘होय’ म्हणायचं, ती त्याला कळली पाहिजे.

जे पाहू शकत नाहीत त्यांचं काय?

अनेक थीममध्ये चूक झाली की चौकट लाल होते, बरोबर असेल तर हिरवी. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. दृष्टिहीन व्यक्ती फोनमधलं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. सूचना ‘इशारा’ म्हणून कोडमध्ये चिन्हांकित केलेली नसेल, तर ते सॉफ्टवेअर ती वाचतच नाही. ग्राहकाला फक्त शांतता ऐकू येते.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल प्रामुख्याने केवायसीबद्दल होता. पण लाल चौकटीबरोबर ‘पिनकोडमध्ये सहा आकडे हवेत’ असे शब्द लिहायला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

२६ कंपन्या म्हणाल्या, आम्ही स्वच्छ. पुढे?

जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये २६ मोठ्या प्लॅटफॉर्मनी ‘आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत’ असं स्वतःहून लिहून दिल्याचं सरकारने जाहीर केलं.

ही सुरुवात आहे, पण तिच्या मर्यादा दिसतात. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासला आहे. आणि तयार थीमवर उभ्या असलेल्या लहान दुकानांचा त्यात समावेशच नाही. त्यांना स्वतंत्र कायदेतज्ज्ञ परवडत नाही आणि दंडाची भीती घालून त्यांची वेबसाइट सुधारणारही नाही. थीम आणि प्लगइन विकणाऱ्यांनी भारतातल्या दुकानांसाठी खोटे आकडे दाखवणारी सोय मुळातच बंद ठेवली, तर एका ठिकाणी केलेला बदल अनेक दुकानांत पोचेल. आजची मार्गदर्शक तत्त्वं विक्रेत्याला धरतात. त्याला ते हत्यार विकणारा सहसा चर्चेतही येत नाही.

दुकानदाराने काय तपासावं?

• आपल्याच दुकानातून मोबाइलवर एक पूर्ण ऑर्डर करून पाहावी. प्रत्येक सूचना दिसते का, कुठे दिसते, किती वेळ टिकते?

• मुद्दाम चुका कराव्यात: चुकीचा पिनकोड, संपलेलं कूपन, अर्धवट सोडलेलं पेमेंट. तेव्हा काय वाचायला मिळतं?

• डिलिव्हरीच्या यादीत ४०१ ने सुरू होणारे पिनकोड आहेत का? जिथे सामान पाठवत नाही, तिथे ‘पत्ता तपासा’ नको, ‘तुमच्या भागात अजून सेवा नाही’ असं लिहावं.

• स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा कुठून येतो ते विचारावं. उत्तर सापडत नसेल तर तो आकडा काढावा.

• आधीच टिक केलेले चौकोन रिकामे करावेत. नकाराचं बटण होकाराइतकंच ठळक ठेवावं.

ग्राहकाने काय करावं?

संशयास्पद सूचना दिसली तर स्क्रीनशॉट घ्यावा. त्यात तारीख आणि वेळ दिसेल असं पाहावं, कारण अशा पट्ट्या काही क्षणांत नाहीशा होतात. आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. ४८ तासांत पोच आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते. त्याने प्रश्न सुटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे आणि तिथली तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

गल्लीतल्या किराणा दुकानात ‘शेवटचे दोन किलो उरलेत’ असं खोटं सांगणारा दुकानदार दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, कारण पोती मागे दिसत असतात. ऑनलाइन दुकानात पोती दिसत नाहीत. तिथे ग्राहकाच्या हातात फक्त दोन ओळींची सूचना असते. त्या दोन ओळी कुणी लिहिल्या हे दुकानदाराला माहीत नसेल, तर त्याच्या दुकानात कुणी तिसराच बोलतो आहे.